डीसीएक्स जीन आणि ‘डबल कॉर्टेक्स’: एकाच दोषाचे दोन आकडे का, आणि पुढच्या बाळाचं काय

प्रश्न थोडक्यात असा. सात वर्षांच्या भाचीला दीड वर्षापासून फिट येतात. एमआरआयमध्ये ‘डबल कॉर्टेक्स’ निघालं, म्हणजे मेंदूच्या सालीखाली चेतापेशींचा दुसरा पट्टा. जनुकीय तपासणीत डीसीएक्स नावाच्या जीनमध्ये दोष सापडला. पण एका लॅबच्या रिपोर्टमध्ये तो १९२ व्या जागी आहे आणि दुसरीच्या रिपोर्टमध्ये २७३ व्या. खरं कोणतं? हे जीन करतं काय? तिची आई, म्हणजे तुमची बहीण, दुसऱ्या मुलाचा विचार करते आहे. ‘आईच्या रक्तात दोष नाही, काळजी नको’ असं तिला तोंडी सांगितलं गेलं आहे. तुम्ही मावशी म्हणून विचारता आहात. त्या नात्यालाही इथे महत्त्व आहे, ते पुढे येईलच.

आधी आकडे. दोन्ही रिपोर्ट बरोबर आहेत. डीसीएक्सवरून जे प्रथिन बनतं त्याचं नाव डबलकॉर्टिन. त्याचं नेहमीचं रूप ३६० अमिनो आम्लांचं, आणि जुन्या-नव्या बहुतेक शोधनिबंधांत त्याच रूपावर मोजलेलं असतं. याच जीनचं आणखी एक लांब रूप नोंदवलेलं आहे, ४४१ अमिनो आम्लांचं. त्यात सुरुवातीलाच ८१ जास्त आहेत, पुढची माळ तीच. १९२ अधिक ८१ म्हणजे २७३. डीएनएच्या अक्षरांत हाच फरक तिप्पट दिसतो: एकीकडे ५७४ वं अक्षर, दुसरीकडे ८१७ वं. दोन्हीकडे सी च्या जागी टी, आणि आर्जिनिनच्या जागी ट्रिप्टोफॅन असं लिहिलेलं असेल तर बदल एकच आहे. हा बदल नवखाही नाही. तो कितीतरी असंबंधित कुटुंबांत सापडलेला आहे आणि रोगकारक म्हणूनच गणला जातो.

तरी एक काम करा. रिपोर्टमध्ये ‘ट्रान्सक्रिप्ट’ (जीनच्या कोणत्या रूपावर मोजलं ते) या रकान्यात एनएम ने सुरू होणारा क्रमांक असतो, तो दोन्ही रिपोर्टांत आहे का ते पाहा. नसेल तर लॅबकडून लिहून घ्या. पुढे गर्भाची तपासणी करायची वेळ आली की हा क्रमांक आणि ही जागा तिसऱ्याच लॅबला द्यावी लागते. तिथे ८१ चा घोळ झाला तर भलतीच जागा तपासून ‘दोष आढळला नाही’ असं उत्तर येऊ शकतं.

आता जीन करतं काय ते. डीसीएक्स एक्स गुणसूत्राच्या लांब भुजेवर, एक्सक्यू२२.३-क्यू२३ या भागात बसलेलं आहे. १९९८ मध्ये पॅरिस आणि बोस्टन इथल्या दोन गटांनी ते एकाच सुमारास शोधलं. प्रथिन मात्र कामाला लागतं ते गर्भाच्या मेंदूत, आणि तेही थोड्याच काळासाठी. मेंदूची साल, म्हणजे कॉर्टेक्स, जिथे असते तिथल्या चेतापेशी तिथे जन्मत नाहीत. त्या मेंदूच्या आतल्या पोकळ्यांच्या काठाशी जन्मतात आणि तिथून बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत चालत जातात. आतून बाहेर ताणलेल्या आधारपेशींचे धागे दोरासारखे धरून त्या वर चढतात. साधारण १२ ते २४ आठवड्यांच्या गर्भात ही वारी चालू असते. आधी निघालेल्या पेशी खालच्या थरात थांबतात, नंतर निघालेल्या त्यांना ओलांडून वर जातात, आणि अशी सहा थरांची साल तयार होते.

चालण्याची रीत अशी: पेशी आधी पुढे एक शेपूट काढते, ते वाट चाचपतं. मग पेशीचं केंद्रक एका झटक्यात पुढे ओढलं जातं. मग पुन्हा शेपूट, पुन्हा झटका. हे ओढणं पेशीतल्या सूक्ष्मनलिकांवर होतं. या नळ्या ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या विटांनी बांधलेल्या असतात. विटांच्या रांगा शेजारी शेजारी लागून नळी होते, आणि पेशीत बहुतेक नळ्या १३ रांगांच्या असतात. नुसतं ट्युब्युलिन परीक्षानळीत ठेवलं तर कुठे १४ रांगा, कुठे आणखी वेगळ्या, असा गोंधळ होतो. डबलकॉर्टिन असलं की १३ च होतात. ते चार विटांच्या कोपऱ्यात, दोन रांगांच्या मधल्या खाचेत बसतं. गवंडी सांध्यात सिमेंट भरतो तसं. नळी टिकते, शेजारच्या नळ्या जुडीने बांधल्या जातात, आणि केंद्रक ओढणाऱ्या डायनीन या मोटरला धावायला पक्की वाट मिळते.

या प्रथिनात एकसारखे दोन तुकडे आहेत, नळीला धरणारे. एका अमिनो आम्लाच्या बदलामुळे होणारे बहुतेक दोष याच दोन तुकड्यांत गोळा झालेले दिसतात; १९२ हा दुसऱ्या तुकड्यात पडतो. पकड सैल असेल तर पेशीला शेपूट फुटतं, पण एकाऐवजी तीन-चार फुटतात, आणि केंद्रक मागेच राहतं. पेशी मरत नाही. ती वाटेत थांबते. पुढचं सगळं या एका गोष्टीवर चालतं.

भाचीच्या रिपोर्टमध्ये ‘हेटेरोझायगस’ असा शब्द असेल. त्याचा अर्थ तिच्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एकावर बदल आहे, दुसरं ठणठणीत आहे. मुलींच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स बंद केलेलं असतं. कोणतं बंद करायचं हे गर्भ अगदी लहान असताना प्रत्येक पेशी जणू नाणं उडवून ठरवते, आणि तिच्या सगळ्या वंशज पेशी तोच निर्णय पाळतात. मेरी लायन यांनी १९६१ मध्ये उंदरांवरून हे मांडलं. काळ्या-पिवळ्या ठिपक्यांची मांजर बहुतेक मादीच असते, तेही याच कारणाने. म्हणून भाचीच्या मेंदूत दोन प्रकारच्या चेतापेशी होत्या. चांगलं एक्स चालू असलेल्या पेशी नीट वर पोचल्या आणि त्यांनी साल बांधली. दोषाचं एक्स चालू असलेल्या अर्ध्या वाटेत थांबल्या, आणि सालीखालच्या पांढऱ्या भागात त्यांचा एक पट्टा झाला. एमआरआयवर सालीखाली दुसरी साल दिसते ती हीच. ही गाठ नव्हे, वाढ नव्हे, सूज नव्हे. त्या तिच्याच चेतापेशी आहेत, चुकीच्या पत्त्यावर राहिलेल्या.

हाच बदल मुलग्यात आला तर त्याच्याकडे एकच एक्स असतं, तेही दोषाचं. सगळ्याच पेशी अडखळतात. मेंदूवर वळ्या पडत नाहीत, पृष्ठभाग गुळगुळीत राहतो. साल नेहमीच्या तीनेक मिलिमीटरऐवजी सेंटिमीटरच्या घरात जाडजूड होते आणि सहाऐवजी चार ढोबळ थर उरतात. याला लिसेन्सेफली म्हणतात. अशा बाळांना बहुधा पहिल्याच वर्षी फिट सुरू होतात, पुष्कळदा शरीर पुन्हा पुन्हा आखडणाऱ्या झटक्यांच्या रूपात. मान धरणं, बसणं फार मागे पडतं. दूध श्वासनलिकेत जाऊन वारंवार न्यूमोनिया होतो. एकाच घरात मुलगी पट्ट्याची आणि मुलगा गुळगुळीत मेंदूचा, हे चित्र दिसलं की डीसीएक्सशिवाय दुसरं नाव आधी मनात येऊ नये. मुलग्यातही कधी कधी पट्टाच दिसतो. एक तर बदल सौम्य असतो, किंवा तो गर्भ वाढू लागल्यावर काही पेशींतच झालेला असतो. त्या दुसऱ्या प्रकाराला मोझाइक म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, तुमच्या बहिणीच्या बाबतीत तो पुन्हा लागेल.

एमआरआयच्या रिपोर्टमध्ये तीन गोष्टी शोधा. पट्टा मेंदूच्या पुढच्या भागात जास्त आहे की मागच्या? डीसीएक्सचा पुढे जास्त असतो. मागे जास्त असेल तर १७ व्या गुणसूत्रावरच्या लिस१ या जीनचा संशय घ्यायचा, आणि तुमच्याकडे डीसीएक्सचा पक्का रिपोर्ट असूनही चित्र मागचं असेल तर दोन्ही रिपोर्ट एकत्र बसवून विचारायला हवं. दुसरी गोष्ट, पट्ट्याची जाडी. तिसरी, वरच्या सालीच्या वळ्या नेहमीसारख्या आहेत की रुंद आणि उथळ. पट्टा जितका जाड आणि वरच्या वळ्या जितक्या बिघडलेल्या, तितका बुद्धीवर आणि फिटवर परिणाम जास्त. मुलीचं पुढे काय होईल हे जीनच्या रिपोर्टपेक्षा हे चित्रच जास्त सांगतं. रक्तात एक्स कोणत्या प्रमाणात बंद झालंय ते मोजण्याची चाचणी मिळते. तिच्यावर पैसे घालू नका. रक्तातलं प्रमाण आणि मेंदूतलं प्रमाण वेगळं असू शकतं.

रिपोर्टमध्ये ‘हेटेरोटोपिया’ हा शब्द वाचून लोक शोधत बसतात आणि फिलामिन ए या जीनपाशी पोचतात. तिथे हृदयाच्या झडपांचं आणि महाधमनीचं वाचून घाबरतात. तो आजार वेगळा. त्यात पेशी पोकळ्यांच्या काठाशीच गाठी करून बसतात, निघतच नाहीत. भाचीचा तो नव्हे.

एमआरआय फक्त जुन्या मशीनवर, पाच मिलिमीटरच्या जाड कापांनी झाला असेल तर एकदा ३ टेस्लावर, एक मिलिमीटरच्या त्रिमितीय टी-वन क्रमासह करून घ्यायला हरकत नाही. सात वर्षांचं मूल समजावून सांगितलं तर पुष्कळदा भूल न देताही स्थिर पडून राहतं. नुसत्या सीटी स्कॅनवर बारीक पट्टा सुटतो. ‘सीटी नॉर्मल आहे’ म्हणून वर्षानुवर्षं आकडीच्या गोळ्या खाणाऱ्या बायकांमध्ये हा आजार असा लपलेला असतो.

आता फिट. पट्टा असलेल्या बहुतेक मुलींना कधी ना कधी फिट येतात, आणि पुष्कळ जणींच्या औषधाला पूर्ण दाद देत नाहीत. हे आधीच माहीत असलेलं बरं. नाहीतर दर तीन महिन्यांनी डॉक्टर बदलण्यात वर्षं जातात. कोणतं औषध हे फिटच्या प्रकारावर ठरतं, जीनवर नाही. डीसीएक्सचं म्हणून असं खास औषध नाही. व्हॅल्प्रोएट, लॅमोट्रिजिन, लेव्हेटिरासेटॅम, क्लोबाझाम ही नेहमीची मंडळी. लेव्हेटिरासेटॅमवर मूल चिडचिडं, आक्रमक झालं तर ‘आजारानेच असं होतंय’ असं घरच्यांना वाटतं. सुरू केल्यापासून पहिल्या काही आठवड्यांत स्वभाव बदलला असेल तर औषधाचा संशय घ्या आणि डॉक्टरांना तारखेसकट सांगा. व्हॅल्प्रोएटवर असताना लॅमोट्रिजिन जोडलं तर त्याची रक्तातली पातळी साधारण दुप्पट होते, म्हणून ते अगदी मुंगीच्या पावलांनी वाढवायचं. घाईने वाढवलं तर अंगावर पुरळ, आणि क्वचित कातडी सोलवटणारं, जिवावर बेतणारं स्टीव्हन्स-जॉन्सन. पुरळ दिसलं की त्याच दिवशी फोन.

व्हॅल्प्रोएटबद्दल मुलीच्या घरी आणखी एक गोष्ट आजच सांगायला हवी. गरोदरपणात ते चालू असेल तर साधारण दहात एका बाळात जन्मजात व्यंग, आणि तीस ते चाळीस टक्के मुलांमध्ये विकासाच्या अडचणी. भाची आज सात वर्षांची आहे, पण ज्या औषधाने फिट थांबतात ते पंधराव्या वर्षी कुणीच बदलायला धजत नाही. दुसरं काही चालत असेल तर ते आताच पाहिलेलं बरं.

पाच मिनिटांहून लांबलेल्या फिटसाठी घरी आणि शाळेत मिडाझोलॅमचा नाकातला स्प्रे ठेवा. मात्रा साधारणपणे दर किलो वजनाला ०.२ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम. ती डॉक्टरांकडून आजच्या वजनाप्रमाणे लिहून घ्यायची. घोळ होतो तो दाबांच्या गणितात. एका दाबाला किती मिलिग्रॅम सुटतं ते बाटलीप्रमाणे बदलतं. ०.५ मिलिग्रॅमची बाटली असेल तर २० किलोच्या मुलीला ४ मिलिग्रॅम म्हणजे ८ दाब लागतात, चार एका नाकपुडीत, चार दुसऱ्या. लोक घाबरून एक-दोन दाब देतात आणि ‘स्प्रेचा उपयोग होत नाही’ म्हणतात. आधी दोन-तीन दाब हवेत सोडून नळी भरून घ्या. बाटलीवर मार्कर पेनने दाबांचा आकडा मोठा लिहून ठेवा, आणि वजन वाढलं की आकडा बदला. मूल कुशीवर, तोंडात काही घालायचं नाही. कांदा-चप्पल हुंगवण्यात गेलेली मिनिटं फुकट जातात.

नीट निवडलेली, पुरेशा मात्रेत दिलेली दोन औषधं देऊनही फिट थांबत नसतील तर तिला औषधाला न जुमानणारी आकडी म्हणतात. तिथून पुढे तिसरं-चौथं औषध जोडत बसण्याआधी आहाराचा विचार व्हावा. कडक किटोजेनिक आहारात चरबी आणि बाकीचे घटक वजनाने चारास एक असतात. तो आहारतज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय सुरू करू नये. बदललेला ॲटकिन्स आहार घरी पाळायला त्यातल्या त्यात सोपा. सुरुवातीला दिवसाला १० ते २० ग्रॅम कर्बोदकं. मराठी घरात अडचण कुठे येते ते सांगतो: ३० ग्रॅम कणकेच्या एका पोळीत साधारण २० ग्रॅम कर्बोदकं असतात. म्हणजे एकाच पोळीत दिवस संपला. भात, साबुदाणा, पोहे, गूळ, सगळं बंद. अंडी, पनीर, तूप, खोबरं, दाण्याचं मोजून कूट, पालेभाज्या. आणि ज्यात सगळे फसतात ते म्हणजे औषधाचं गोड सिरप. साखरेचं सिरप चालू ठेवून आहार पाळला तर कीटोन, म्हणजे चरबी जळून रक्तात येणारे पदार्थ, वर येतच नाहीत. आहाराआधी सगळी सिरपं गोळीत बदलून घ्यायची, खोकल्याचंसुद्धा.

शस्त्रक्रियेबद्दल विचारलं जाईलच: ‘तो पट्टा काढून टाकता येत नाही का?’ नाही. पट्टा दोन्ही बाजूंना, मेंदूच्या मोठ्या भागाखाली पसरलेला असतो, आणि तो झोपलेला नसतो. फंक्शनल एमआरआयमध्ये हात हलवायला सांगितलं की वरच्या सालीबरोबर खालचा पट्टाही उजळताना दिसला आहे. त्या पेशी कामाला जोडलेल्या आहेत. ईईजीवर फिट एकाच जागेतून निघतेय असं वाटून तेवढाच भाग काढलेल्या रुग्णांचे निकाल निराशाजनक आहेत. ज्यांना अचानक धाडकन पडण्याच्या फिट येतात, डोकं फुटतं, त्यांच्यासाठी दोन मेंदूगोलार्धांमधला पूल छेदण्याची शस्त्रक्रिया, किंवा मानेतल्या व्हेगस नसेला लावायचं उपकरण, हे पर्याय खरे. दोन्हींत फिट कमी करणं हाच हेतू असतो, पूर्ण थांबणं क्वचित.

‘डबलकॉर्टिन’ हा शब्द शोधला की हळद, उपवास, धावणं आणि कसल्या कसल्या पावडरींनी ते वाढतं असं सांगणारी पानं सापडतील. त्यामागे एक साधी गफलत आहे. मोठ्या उंदराच्या मेंदूत हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशी जन्मतात आणि तरुण असेपर्यंत, दोन-तीन आठवडे, त्या डबलकॉर्टिन बनवतात. म्हणून प्रयोगशाळेत नव्या पेशी मोजायला डबलकॉर्टिनला चिकटणारं प्रतिपिंड वापरतात. ‘डबलकॉर्टिन वाढलं’ याचा तिथे अर्थ एवढाच की खुणेच्या पेशी जास्त मोजल्या गेल्या. माणसात तर मोठेपणी अशा पेशी असतात का यावरच भांडण आहे. २०१८ मध्ये एका गटाने जवळजवळ नाहीत म्हटलं आणि २०१९ मध्ये दुसऱ्याने हजारो दाखवल्या. मृत्यूनंतर मेंदू किती तासांनी आणि किती वेळ फॉर्मॅलिनमध्ये ठेवला यावर हा रंग धरणं-न धरणं फार अवलंबून असतं. कसंही असो, दोषाच्या जीनवरून प्रथिन जास्त बनवलं तर दोषाचंच प्रथिन जास्त बनेल. पट्ट्यातल्या पेशी त्याने हलणार नाहीत.

जीन दुरुस्तीच्या बातम्यांबद्दलही तसंच सावध राहा. गंमत म्हणजे डीसीएक्स काढून टाकलेल्या उंदराची साल जवळजवळ नीट बनते, फक्त हिप्पोकॅम्पसचे थर बिघडतात. जोडीचं डीसीएलके१ हे जीन तिथे काम भागवून नेतं. रॅट जातीच्या मोठ्या उंदराच्या गर्भात मात्र हे जीन अचानक दाबलं की माणसासारखा पट्टा तयार होतो, हे २००३ मध्ये दिसलं. त्याच नमुन्यात जन्मानंतर लगेच जीन पुन्हा चालू केलं तर काही अडकलेल्या पेशी पुढे सरकल्या आणि फिटची शक्यताही कमी झाली, हे २००९ मध्ये. बातमी खरी आहे. पण नवजात उंदराच्या पिल्लाचा मेंदू माणसाच्या पोटातल्या गर्भाइतका कच्चा असतो. सात वर्षांच्या मुलीत ती खिडकी केव्हाच बंद झाली आहे. आणि पाठीच्या कण्यातून स्टेम सेल टोचून देतो म्हणणाऱ्यांना दारातूनच परतवा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे वगैरे ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेलचा वापर फक्त मान्यताप्राप्त, नोंदणीकृत चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात.

आता तुमच्या बहिणीचा प्रश्न. इथे मी जरा सविस्तर लिहितो, कारण ‘आईच्या रक्तात नाही, काळजी नको’ हे वाक्य अर्धवट आहे.

बदल आईच्या सगळ्या पेशींत असेल तर हिशेब सोपा. प्रत्येक गरोदरपणात चार शक्यता सारख्या: निरोगी मुलगी, निरोगी मुलगा, पट्ट्याची मुलगी, गुळगुळीत मेंदूचा मुलगा. आई स्वतः धडधाकट दिसते म्हणून ती वाहक नाही असं म्हणता येत नाही. नाण्याचा कौल चांगल्या एक्सच्या बाजूने झुकला तर एमआरआयसुद्धा नॉर्मल येऊ शकतो. म्हणून तिला स्वतःला लहानपणी एखाद-दुसरी फिट आली होती का, घरात कुणी मुलगा लहानपणी फिट येऊन गेला का, आजीचे गर्भपात किती, हे सगळं विचारायचं.

रक्तात बदल नाही आला तर बहुधा तो भाचीतच नव्याने घडला. पण त्रास नसलेल्या अशा आयांमध्ये साधारण दहात एक मोझाइक निघते, म्हणजे बदल तिच्या काही पेशींतच असतो, आणि त्या काहींत बीजांडं असतील तर पुन्हा तेच होऊ शकतं. डीएनएची अक्षरं वाचायची नेहमीची सँगर तपासणी १५-२० टक्क्यांहून कमी पेशींतला बदल पाहू शकत नाही. म्हणून लॅबला लेखी सांगा: फक्त हीच जागा, हजार वेळा किंवा त्याहून जास्त खोलीने वाचा. रक्ताबरोबर गालाच्या आतल्या पेशींचा किंवा लाळेचा नमुनाही द्या. तिचा एकदा एमआरआय करून घ्या. अगदी बारीक पट्टा सापडला तर पुढची चर्चाच बदलते. हे सगळं शून्य आलं तरी बीजांडं तपासता येत नाहीत. धोका खूप कमी होतो, शून्य होत नाही. म्हणून पुढच्या गरोदरपणात गर्भाची तपासणी सुचवलीच जाते.

वडिलांचं काय? वडिलांच्या सगळ्या पेशींत हा बदल असता तर ते स्वतः धडधाकट राहिले नसते. त्यांच्या वीर्यपेशींपुरता मोझाइक असणं शक्य असतं. पण बाप मुलाला एक्स देत नाही, मुलीलाच देतो, म्हणून तसं असेल तर धोका फक्त मुलींना.

दोष जनुकांच्या प्रती कमी-जास्त असण्याचा असता तर वेगळी तपासणी लागली असती, एमएलपीए नावाची. नुसत्या अक्षरवाचनात संपूर्ण एक्सॉन (जीनचा एक तुकडा) गळालेला कधी कधी सुटतो. तुमच्याकडे एका अक्षराचा बदल सापडलेला आहे, तेव्हा ती भानगड नाही.

वेळापत्रक मात्र आधी ठरवावं लागतं. वारेचा नमुना ११ ते १३ आठवड्यांत, नाहीतर गर्भजल १६ आठवड्यांनंतर. रिपोर्टला दोन-तीन आठवडे धरा. नमुन्याबरोबर आईचं आणि भाचीचं रक्तही पाठवायचं. भाचीचं नमुना म्हणून, म्हणजे लॅबला ती जागा खरंच वाचता येते याची खात्री होते. आईचं यासाठी की गर्भाच्या नमुन्यात आईच्या पेशी मिसळल्या नाहीत हे तपासता यावं. ही मिसळणीची तपासणी मागितली नाही तर काही ठिकाणी होतच नाही. डबल मार्कर आणि आईच्या रक्तातून होणारी नेहमीची एनआयपीटी चाचणी गुणसूत्रांची संख्या बघते, डीसीएक्स बघत नाही. ‘एनआयपीटी नॉर्मल’ आलं तरी या प्रश्नाचं उत्तर मिळालेलं नसतं.

सोनोग्राफीवर विसंबू नका. २० आठवड्यांच्या गर्भाचा मेंदू तसाही जवळपास गुळगुळीतच असतो. वळ्या खऱ्या अर्थाने पडतात त्या नंतर, म्हणून गुळगुळीत राहिलेला मेंदू ॲनोमली स्कॅनमध्ये ओळखू येत नाही. गर्भाच्या एमआरआयवर खात्रीने सांगता येतं तेव्हा २८ आठवड्यांच्या आसपास पोचलेले असतो. २०२१ च्या सुधारणेनंतर गर्भपाताच्या कायद्यात ठरावीक कारणांसाठी २४ आठवड्यांपर्यंत मुभा आहे. त्यापुढे गंभीर व्यंगासाठी वैद्यकीय मंडळाची परवानगी लागते. डीएनएची तपासणी लवकर करायची ती यासाठी.

मुलगा की मुलगी यावर या आजारात इतकं अवलंबून असताना रिपोर्टमध्ये लिंग का सांगत नाहीत, असा प्रश्न येतोच. १९९४ च्या प्रसवपूर्व निदानाच्या कायद्यात लिंगाशी निगडित जनुकीय आजारांसाठी तपासणीला नोंदणीकृत केंद्रात परवानगी आहे, पण लिंग उघड करायला बंदी आहे. बदल आहे की नाही, एवढं सांगितलं जातं. निर्णय घ्यायला तो आधार पुरेसा असतो. कुणी आडून लिंग सांगायची तयारी दाखवली तर ते केंद्र सोडा.

गरोदरपण सुरू झाल्यावर तपासणी नको असेल तर टेस्ट ट्यूबने भ्रूण तयार करून त्याच्या काही पेशी तपासण्याचा मार्ग आहे. त्याची कुटुंबापुरती खास तयारी लॅबला आधी काही आठवडे करावी लागते, आणि आई मोझाइक असेल तर ती तयारी किचकट होते. म्हणून जनुकतज्ज्ञाची भेट आधी, आयव्हीएफची तारीख नंतर.

आता तुमच्याकडे येतो. बहिणीच्या खोल तपासणीत बदल सगळ्या पेशींत आढळला, तर तो तुमच्या आईकडून आलेला असू शकतो, आणि मग तुम्हीसुद्धा वाहक असण्याची शक्यता निम्मी. तुम्हाला कधीच फिट आली नसली तरीही. बहीण मोझाइक निघाली तर मात्र तो बदल तिच्यातच घडला. तुम्हाला आणि तुमच्या आईला तपासणीची गरज नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी बहीण, मग तिचा रिपोर्ट पाहून गरज पडली तर तुमची आई, आणि आईत सापडला तर तुम्ही. आईच्या रक्तात नाही आला तरी तीही मोझाइक असू शकते, तेव्हा तुमच्या तपासणीबद्दल जनुकतज्ज्ञाला विचारा. सगळ्यांची रक्तं एकदम पाठवण्यात नुसता खर्च आहे. तपासणीला दोन-तीन मिलिलिटर रक्त जांभळ्या बुचाच्या ईडीटीए नळीत लागतं, आणि सोबत भाचीच्या रिपोर्टची प्रत, ट्रान्सक्रिप्टच्या क्रमांकासकट.